आपांची सायकल आणि माझं लुगडं

आमच्या शेजारचे आपा सायकलच्या दांडीला गजराचं घड्याळ बांधून मालवणला मासे आणायला जात. घड्याळ नेमकं मासळीबाजारात वाजे, आणि मासेवाल्या विचारत, "आपानु, जाग इली काय?"

परतले की आपा पडवीच्या भिंतीवर कोळशाने लिहीत: आज ऊन, आज दमट, आज वारा, आणि पुढे लागलेला वेळ. "दमट हवेत सायकल जड होता, वयनी," ते गंभीरपणे मला सांगत. पोट त्यांचं, दोष हवेचा. कोकण रेल्वे तेव्हा नवी होती. गाडी उशिरा आली तरी आपा म्हणत, "वारो आडवो आसतलो."

निघण्याआधी मात्र ते कुंपणापाशी थांबून आमच्या परसात एकटक बघत. माझी पन्नाशी उलटली होती, अक्कल अजून यायची होती. मला वाटलं, माणूस आपल्यालाच बघतो. झालं. मी केसांत आबोली माळू लागले. एके सकाळी तर दोरीवर मोरपंखी इरकली लुगडं वाळत घातलं, धुतलेलं नसताना.

आपांचं तोंड पडलं. "वयनी, ह्या जड आसा. ह्येका वारो कळणा नाय. कालचा ता विरलेला घाला."

म्हणजे इतके दिवस स्वारी माझ्या जुन्या लुगड्यावरून वारा ओळखत होती. आमचे हे पेपरामागे खोकल्यासारखं हसले. "फुलां काढ गो आता, गायीक घाल."

"मिनिटां मोजून करतास काय तुमी?" मी फणकाऱ्याने आपांना विचारलं.

"सुमतीक सांगूक होया," ते म्हणाले.

सुमती त्यांची बायको. मोठ्या दुखण्यातून उठल्यापासून तिचा जीव फार घाबरा व्हायचा. आपांनी सांगितलेली वेळ टळली की ती अनवाणी त्यांना शोधत सुटे. एकदा पार मालवणच्या वाटेवरच्या खाडीपुलापर्यंत पोचली होती, गाड्यांच्या मधून. म्हणून आपांची वेळ खरी ठरायलाच हवी होती, ऊन असो की वारा.

दिवाळीच्या तोंडावर एकदा आपा बाजारात गेले आणि मागे वारा फिरला. आभाळ काळवंडलं, वेळ टळली. मी लुगडं काढायला परसात धावले, तर सुमती त्यांच्या पायरीवर उभी. अनवाणी.

"काढू नको गो," ती म्हणाली. लुगडं पुलाच्या दिशेला फडफडत होतं. "बघ, वारो त्येंच्या तोंडार आसा. उशीर होतलोच." आणि ती खाली टेकली.

मग पाऊस कोसळला. लुगडं भिजून दोरीला चिकटलं, हलेना. सुमती उठली. मी धावत जाऊन लुगड्याचं टोक धरलं आणि पुलाच्या दिशेला ताणून, खांदे भरून येईपर्यंत फडफडवत राहिले. आमचे हे दारातून बघत होते, हसले नाहीत. सुमती परत बसली.

आपा वळणावर दिसले. त्यांनी आधी पायरीकडे बघितलं, मग लुगड्याकडे. माझ्याकडे अजूनही नाही.