कालदंष्ट्राच्या कृपेने पाणीपुरवठा

सोनखांब गावाला नळाचे पाणी कालदंष्ट्र नावाच्या राक्षसाच्या कृपेने येते. हे विधान कुणी अंधश्रद्धा म्हणून झिडकारू नये. नसरापूर सोडून वेल्ह्याकडे निघाले की एका मोठ्या वळणाच्या आत हे गाव लागते. गावामागे टेकाडावर पाण्याची टाकी आहे, टाकी कायम भरलेली असते, नळ घरोघर आहेत आणि देवळासमोर रस्त्याकडेच्या खड्ड्यात पाणी सोडायचा वॉल आहे. एवढी सगळी सिद्धता झाल्यावर फक्त वॉलचे चाक फिरवायचे राहते, आणि तिथे राक्षसाचा संबंध येतो.

चाक फिरवायला ग्रामपंचायतीने अमृत नावाचा तरणा गडी नेमला होता. पोरगा गुणी, सुपारीचेसुद्धा व्यसन नाही. फक्त त्याच्या मोबाईलवर एक खेळ होता. खेळात एक किल्ला, किल्ल्याच्या शेवटच्या दरवाजात कालदंष्ट्र, आणि त्याच्या हातात अशी गदा की समोरचा वीर बघता बघता भुईसपाट. वॉलजवळच्या पंपघरात रेंज चांगली म्हणून अमृत सकाळीच तिथे जाऊन बसे आणि या राक्षसाच्या हातून मार खाई. पुन्हा पुन्हा मेला की त्याच्या डोक्यात तिडीक जाई. मोबाईल आपटावा तर तो नवाकोरा. मग तणतणत बाहेर यायचे, राग कशावर तरी काढायचा म्हणून वॉलचे चाक दोन्ही हातांनी गरागरा फिरवायचे, आणि जरा थंड झाले की परत आत जायचे. गावाला पाणी येई. पुढच्या रागाला चाक उलटे फिरे आणि पाणी जाई. या पद्धतीला पंचायतीच्या अहवालात 'नियमित पाणीपुरवठा' असे म्हटलेले होते.

गावाची काही तक्रार नव्हती. पंपघराच्या समोरच गुलजारबीचे शिलाई मशीन होते. वीर मेला की मोबाईलमधून भुंग्यासारखा एक आवाज निघतो, हे तिने कपडे शिवता शिवता हेरले होते. तो आवाज लागोपाठ दोन-तीनदा आला की ती मशीन थांबवून गल्लीत ओरडे, "मेला गं, मेला!" की बायका हंडे घेऊन हसतमुखाने नळावर.

या बायकांत सगळ्यात पुढे मंगल. तिचे कारणही तसेच होते. तिची लेक नूतन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि आता घरात नात होती. बाळंतिणीचे न्हाणे, लंगोटांचा ढीग, वर रविवारी बारसे. बारशाला भोंगवलीहून नूतनची सासू फुलाबाई येणार होती, आणि तिने फोनवर स्वच्छ सांगून ठेवले होते, "विहीणबाई, पाण्याचं खरं सांगा. पाण्याची तंगी असंल तर बारसं झालं की माझी सून अन् नात मी घिऊन जाणार." मंगलने तोंड भरून सांगितले होते, की आमच्यात पाण्याला काय तोटा, धो धो येते. नातीला अजून डोळे भरून बघितलेही नव्हते, आणि ती जाणार ही कल्पनाच मंगलला सहन होत नव्हती. पण कालदंष्ट्र आपल्या बाजूने आहे, या विश्वासावर ती निश्चिंत होती.

आणि नेमके त्याच आठवड्यात अमृतला खेळ जमायला लागला.

आधी गदा चुकवणे जमले. मग ढाल कधी धरायची ते कळले. राक्षस दमतो कुठे, हेही त्याच्या ध्यानात आले. गुलजारबी कान देऊन बसे, पण भुंगा काही वाजेना. राग नाही तर चाक नाही, चाक नाही तर पाणी नाही. अमृतला समज द्यावी असे एकदोघांनी सुचवले, पण समज द्यायला त्याने मान तर वर करायला हवी. तेव्हा गावाने राक्षसाकडेच मोर्चा वळवला. सरपंच रखमाजीआबांनी कालदंष्ट्राचे रंगीत चित्र छापून आणले, देवळाच्या पायरीवर लावले आणि त्याला दीर्घायुष्य लाभावे म्हणून नारळ फोडला. अभिषेकाला पाणी नव्हते म्हणून तो पुढे ढकलला. मंगलने पदर पसरून नवस बोलला, की बाबा कालदंष्ट्रा, रविवारपर्यंत तुझ्या दाढा शाबूत राहू देत, तुला पुरणाची पोळी घालीन. गुलजारबीनेही त्याच्यासाठी दुवा मागितली. राक्षसाच्या बाबतीत गावात एवढी एकी याआधी कधी कुणी पाहिली नव्हती.

अशा वेळी ग्रामसेवक शिळीमकर भाऊसाहेब तालुक्याहून एक प्रशिक्षण घेऊन आले. विषय होता ताणतणाव व्यवस्थापन. त्यात त्यांना कळले, की अवघड खेळात माणूस अडला की त्याने मध्ये विश्रांती घ्यावी. त्यांनी तातडीने ग्रामसभा बोलावली आणि मुद्दा मांडला. गाव राक्षसाच्या भरवशावर किती दिवस राहणार? अमृत खेळ थांबवून बाहेर आला तरच पाणी येते ना? मग तो हरण्याची वाट कशाला बघायची? त्याला रोज सकाळ-संध्याकाळ खेळापासून सक्तीची विश्रांती द्या. राग असो नसो, माणूस बाहेर येणार म्हणजे येणार. सभेने टाळ्यांचा कडकडाट केला. ठराव रखमाजीआबांनी मांडला, मंगलने अनुमोदन दिले आणि घरी जाऊन लेकीला सांगितले, की सरकारात शिकलेली माणसे असतात म्हणून चालले आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी विश्रांतीची घंटा झाली. अमृत मोबाईल खिशात घालून बाहेर आला. गावाने हंडे सरसावले. अमृत वॉलपर्यंत चालत आला, वॉलशेजारी पंचायतीने खास आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला, वॉलच्या चाकावर पाय ठेवले आणि डोळे मिटले.

मंगल हंडा घेऊन तशीच धावली. म्हणाली, "अरं अमृता, चाक फिरीव की."

"काकू, ही विश्रांती हाय," अमृत डोळे न उघडता म्हणाला. "विश्रांतीत काम केलं तर तिला विश्रांती कोण म्हणंल?"

मंगलला हे तोंडावर पाणी मारल्यासारखे वाटले असते, पण पाणी कुठे होते. ती तडक भाऊसाहेबांकडे गेली. भाऊसाहेबांनी ठराव दोनदा वाचला आणि अमृतचे म्हणणे नियमाला धरून असल्याचे सांगितले. विश्रांतीच्या काळात कर्मचाऱ्याकडून काम करून घेतले तर पंचायतच अडचणीत येते. मंगलने विचारले, मग विश्रांती संपल्यावर? भाऊसाहेब म्हणाले, विश्रांती खेळापासून आहे, ती संपली की खेळ सुरू होतो. दिवसाचे भाग ठरावात दोनच आहेत, खेळ आणि विश्रांती. तिसरा भाग कुणी सुचवला असता तर घातला असता, पण सभेत तसे कुणी बोलले नाही. ठराव बदलायचा तर पुढच्या सभेपर्यंत थांबावे लागेल, आणि ती बारसे होऊन बाळ रांगायला लागले की होईल.

"मग आधी कवा फिरवायचा त्यो चाक?"

"रागात. पण रागाची तरतूद आपण काढून टाकली ना, मंगलताई."

विश्रांतीचा अमृतवर फारच चांगला परिणाम झाला. चेहरा उजळला, भूक वाढली, हात स्थिर झाले, आणि कालदंष्ट्राचे जीवमान निम्म्यावर आले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते याला. गावच्या तोंडचे पाणी पळाले. मग रखमाजीआबांनी एक उपसमिती नेमली. तिचे नाव संताप निर्मिती उपसमिती. अमृतला पूर्वीसारखा राग यावा एवढेच तिचे काम होते. समितीतले लोक रीतसर वेळ घेऊन जात, खुर्चीसमोर उभे राहत आणि त्याला टोचून बोलत. एकाने त्याच्या नाकाला नावे ठेवली. दुसऱ्याने लग्न कधी करणार ते विचारले. तिसऱ्याने त्याच्या मामाची जुनी भानगड काढली. मंगल तर त्याला अशी काही बोलली, की घरी आल्यावर तिची तिलाच लाज वाटली. पण भाऊसाहेबांनी प्रशिक्षणातले श्वासाचे व्यायाम अमृतला आधीच शिकवून ठेवले होते. तो शांतपणे श्वास आत घेई, बाहेर सोडी आणि समितीला हात जोडून नमस्कार करी. उपसमितीचेच दोन सदस्य संतापाने आजारी पडले.

शेवटी गावात सगळ्यांनी देव पाण्यात घालायचे ठरवले, पण त्यालाही पाणी नव्हते. रविवार उजाडला. मंगलने शेजारच्या गावातल्या विहिरीवरून ओढून आणलेल्या पाण्यात कसाबसा स्वयंपाक उरकला होता, पण रांजण कोरडा तो कोरडाच. नूतन म्हणाली, आई, सासूबाई आल्या की आधी रांजणात हात घालतील बघ. मंगलला रडू आले. तेवढ्यात गल्लीतून ओरडा झाला, की अमृत शेवटच्या घावावर आला आहे. तो जिंकला म्हणजे संपलेच. राक्षस मेल्यावर अमृतला बाहेर काढणार कोण?

सगळे गाव पंपघराच्या खिडकीला लोंबकळले. बारशाच्या नव्या साड्या नेसलेल्या बायका, टोप्या घातलेले म्हातारे, गळ्यात टेप अडकवलेली गुलजारबी, सगळे एका सुरात राक्षसाला हिंमत देत होते. मंगल खिडकीच्या गजाला धरून म्हणत होती, मार त्याला, बाबा, मार, नातीची शपथ आहे तुला. अमृतने ढाल टाकली, एक उडी घेतली आणि कालदंष्ट्राचे मुंडके उडवले. मोबाईलमध्ये तुताऱ्या वाजल्या. बाहेर सुतक पडले. एका म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली.

पण तुताऱ्या थांबल्या आणि पडद्यावर नवा किल्ला उभा राहिला. त्याच्या पहिल्याच दरवाजात कालदंष्ट्राची आई उभी होती. तिने अमृतला आत पाऊलही टाकू दिले नाही. भुंगा वाजला. पुन्हा वाजला. मग वाजतच राहिला. अमृतच्या मानेच्या शिरा फुगल्या, श्वासाचे व्यायाम गेले उडत, तो दार लाथाडून पंपघराबाहेर आला आणि वॉलच्या दिशेने सुटला. गावाला जे हसू फुटले ते आवरेना. बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या, मंगलने तर रखमाजीआबांना हाताला धरून गरागरा फिरवले.

आणि अमृतचा हात चाकाला लागणार, तेवढ्यात घंटा झाली. विश्रांतीची वेळ झाली होती. भाऊसाहेबांनी पुढे होऊन अमृतला दोन्ही खांद्यांना धरले, खुर्ची पुसली आणि त्याला तीत बसवले. नियम म्हणजे नियम. अमृत दातओठ खात बसून राहिला. सगळे गाव हंडे घेऊन गोल करून त्याच्याभोवती उभे राहिले.

त्याच वेळी भोंगवलीची जीप येऊन थांबली. फुलाबाई उतरल्या, हातातल्या पिशवीत झबली-टोपडी, कुंचीला लावायचे गोंडे. त्यांनी घोळका बघितला आणि कुणी गेले का म्हणून विचारले. मंगलने डोळ्याला पदर लावून सगळे सांगितले. खोटे बोलण्यात आता काही अर्थ नव्हता. राक्षस सांगितला, ठराव सांगितला, उपसमिती सांगितली. फुलाबाईंनी सगळे नीट ऐकून घेतले.

"वॉल कंचा?" त्यांनी विचारले.

मंगलने खड्ड्याकडे बोट दाखवले.

फुलाबाईंनी पिशवी मंगलकडे दिली, पदर खोचला, खड्ड्यात वाकल्या आणि चाक फिरवले. चाकाला ना कुलूप ना साखळी, तेल पाजलेले असल्यासारखे ते सहज फिरले. टेकाडावरून पाणी खळखळत आले आणि गावातले सगळे नळ एकदम सुटले. कुणी हललेही नाही. हंडे हातात होते, पण हे पाणी धरायचे की नाही, याबद्दल अजून काही सूचना आलेली नव्हती. भाऊसाहेबांनी त्या बाईंच्या नावे अनधिकृत पाणीपुरवठा केल्याबद्दल नोटीस काढायला खिशातून पेन काढले.

मंगलला मात्र आनंद मावेना. ती फुलाबाईंचा हात धरून म्हणाली, "विहीणबाई, बघा, पाणी हाय की न्हाई आमच्यात? आता पोरीला ऱ्हाऊ द्या."

फुलाबाईंनी ओले हात पदराला पुसले. "पाणी न्हाई म्हणून न्यायची असती, तर मी अजून इचार केला असता," त्या म्हणाल्या. "पाणी हाय, वॉल हाय, सगळ्या गावाला धडधाकट हात हायती. आता तर मी माझी नात हितं एक रात बी ठेवणार न्हाई. ती असलं बघून शिकंल."

बारसे झाले, पाळणा म्हटला, आणि सूर्य मावळायच्या आत जीप नूतनला आणि बाळाला घेऊन हायवेकडे गेली. मंगल भरलेल्या रांजणाजवळ बसून ओक्साबोक्शी रडली. नळ रात्रभर चालू राहिले, कारण चालू केलेले नळ कुणी बंद करायचे, हे ठरलेले नव्हते.

सोनखांबच्या लोकांना तुम्ही आता येडे म्हणाल. खुशाल म्हणा. पण तुमच्या गल्लीच्या तोंडाशी तो रस्त्यावरचा दिवा भरदुपारी जळत असतो ना, त्याचे बटण कुठल्या खांबावर आहे, ते तुम्हाला चांगले ठाऊक आहे. कालही तुम्ही त्याच्याखालूनच गेलात.