घोरला तर खरा

मी माझा राजीनामा चुकून छापायला दिला.

मी प्रूफरीडर. नागपूरच्या महाल भागातल्या एका लहानशा छापखान्यात सोळा वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढत बसलेला माणूस. त्या दिवशी लग्नपत्रिकांचे मजकूर ट्रेमध्ये टाकताना, मालकांच्या टेबलावर ठेवायचा म्हणून आणलेला राजीनामाही त्यांच्यासोबत टाकला. आमचे थोरले कंपोझिटर रामटेके यांनी तो निमूटपणे शिशाच्या अक्षरांचा एकेक खिळा उचलून जुळवला, शाई लावली, प्रूफ काढलं आणि तपासायला माझ्याच पुढ्यात आणून ठेवलं.

"अहो रामटेके, वाचलं नाही का काय आहे ते?"

"मी अक्षर पाहतो जी. मतलब पाहणं तुमचं काम," ते म्हणाले. "बॉर्डर कोणती टाकू? वेलबुट्टीची चालन?"

दुसरं प्रूफ शिरस्त्याप्रमाणे मालकांकडे गेलंही होतं.

मालक म्हणजे दौलतजी. उमरेडच्या विणकर घराण्यातले. घरचे माग बंद पडले तेव्हा नागपूरला आले आणि पायानं चालवायच्या एका ट्रेडल मशीनवर छापखाना उभा केला. उंच, वाळके, डोक्यावर पांढरी टोपी, आणि डाव्या हातात बारा महिने गुळाचा खडा. शिशाचे खिळे हाताळणाऱ्यानं गूळ खावा, असं सगळ्याच छापखान्यांत म्हणत. पण दौलतजी तो स्वतःच्या हातानं दुसऱ्याच्या तोंडात घालत. सकाळी दारात उभे राहायचे, येणाऱ्याचा चेहरा निरखायचे, "डोये दाखव" म्हणायचे आणि 'आ' करायला लावायचे. पगारवाढ मागायला गेलेल्या माणसाच्या तोंडातही आधी गूळ जाई. तो विरघळेपर्यंत आपण काय मागणार होतो, याचा अर्धा जोर निघून गेलेला असे.

पण त्यांचं खरं वेड होतं झोपेचं. एक वाजला की ते घंटी वाजवत. डबे उघडत, डबे मिटत, आणि मग पुढचं दार बंद. मागच्या खोलीत सतरंज्या पडत. उन्हाळ्यात खिडक्यांना वाळ्याचे तट्टे लागत, त्यांवर दौलतजी स्वतः लोट्यानं पाणी मारत. आम्ही नऊ जणांनी एक तास झोपायचं म्हणजे झोपायचं.

एकदा भर लगनसराईत एक नवरदेवाचा बाप दार बडवायला लागला. दौलतजी ओठांवर बोट ठेवून बाहेर गेले.

"हळू जी. माणसं झोपून राहिले."

"माह्या पोराचं लगन तीन दिवसांवर आलं अन् तुमचे लोकं झोपून राहिले?"

"तुमच्यासाठीच झोपले जी. झोप झालेला माणूस नवरीचं नाव बराबर जुळवते. न झालेला तिच्या मायचं टाकते. पाहा बाप्पा, तुम्हाले कोणतं पाहिजे?"

तो गृहस्थ पायरीवर बसून राहिला. त्याच्याही तोंडात गूळ गेला होता.

झोपेचा नियम जुना. मागाहून त्यात घोरण्याची अट आली. नुसते डोळे मिटून पडलेलं दौलतजींना पटेना. "घोरला तर खरा," ते म्हणायचे. नवा माणूस अवघडून पडला असला की त्याच्या उशाशी वाकून हळूच सांगत, "घोर गा, लाजू नको. आपलंच घर हाय." या बाबतीत मी मात्र छापखान्याचा मानकरी होतो. घरी ज्या आवाजापायी बायकोनं माझी बाज बाहेरच्या खोलीत काढली होती, त्याच आवाजाला इथे "वा!" मिळे.

आम्ही हसायचो. पण शहरातल्या बाकीच्या छापखान्यांत कंपोझिटर सहा महिने टिकत नसताना आमच्याकडचा एकही माणूस हलला नव्हता. सदर भागातल्या एका मोठ्या छापखान्यानं रामटेक्यांना दोनदा बोलावलं. त्यांनी दोनदा तेच उत्तर दिलं, "पैसे देता जी, पण झोपू कुठं देता?"

मग त्या छापखान्यानं मला बोलावलं. पगार जवळजवळ दीडपट, बसायला काचेची खोली. तिथे येण्याजाण्याची वेळ मशीनमध्ये कार्ड घालून छापावी लागे आणि डबा खायला अर्धा तास. पण पोरगी पुढच्या वर्षी कॉलेजात जाणार होती, आणि बायको महिनाभर एकच विचारत होती, "काहून हो, लिहिलं का नाही अजून?" शेवटी लिहिलं. आणि छापायला दिलं.

दौलतजींनी मला बोलावलं तेव्हा प्रूफ त्यांच्या हातात होतं. चष्मा कपाळावर.

"मजकूर चांगला हाय," ते म्हणाले. "पण एक वाजला. झोपून उठा, मंग बोलू." आणि गूळ दिला.

मी पडलो. झोप कशी येणार? बाकीचे आठ जण पाच मिनिटांत झोपले, पण त्यांचं घोरणं म्हणजे सगळी फुसफुस. दारापाशी दौलतजी स्टुलावर बसले होते. उठले, तट्ट्यावर पाणी मारलं. बसले. पुन्हा उठले, ओल्याच तट्ट्यावर पुन्हा पाणी मारलं. तिसऱ्या खेपेला माझ्या उशाशी येऊन बसले.

"काहून मास्तर, झोप नाही?"

"नाही जी."

"मले बी नाही."

मी उठून बसलो. ते तट्ट्याकडे पाहत बोलत राहिले. "आमच्या घरी चार माग होते. माय पाळण्यात टाके अन् खटक-खटक चालूच राहे. आवाजाबिगर झोपणं आमच्या घराण्याले ठाऊकच नाही. इथं आलो तं घरवालीची बडबड होती. ते बी चाले. तीन वर्षं झाले, ते गेली. आता घरी पंखा चालू ठेवतो, रेडिओ लावून पाहिला, नळ टपकू देला. नाही जमत जी." जरा थांबले. "हा एक तास इथं डोया लागते. तुमचा आवाज, मास्तर, बापाच्या मागासारखा हाय. धोटा जाते, येते. जाते, येते."

घोरण्याची अट तीन वर्षांपूर्वीच का आली, ते मला तेव्हा उमगलं.

"तुम्ही जा बाप्पा," ते म्हणाले. "पोरीचं शिक्षण हाय. मी नाही अडवत. फक्त जायच्या आधी एखादा माणूस तयार करून जा. रामटेके होईन तयार. मेहनती हाय."

हे त्यांनी अगदी गंभीरपणे, मशीनवरचा कारागीर बदलायचा असावा तसं सांगितलं, आणि स्टुलावर जाऊन बसले.

मी आडवा झालो, भिंतीकडे तोंड केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम घोरलो. सुरुवात खोटी होती. पुढचं मला माहीत नाही.

जागा झालो तर अडीच वाजून गेले होते. सगळे उठून उभे, पण कुणी काही बोलत नव्हतं. दौलतजी स्टुलावर भिंतीला टेकून गाढ झोपले होते, टोपी मांडीवर पडलेली, गुळाचा खडा मुठीत. बाहेर एक गिऱ्हाईक दार वाजवत होतं आणि रामटेके फटीतून त्याला सांगत होते, "हळू जी. मालक झोपून राहिले."

मग ते माझ्याकडे आले आणि कानाशी म्हणाले, "ते तुमचं मॅटर बांधून ठेवलं हाय. छापाचं का सोडाचं?"

"सोडा," मी म्हणालो.

त्यांनी जुळवलेल्या खिळ्यांची गॅली टेबलावर घेतली, दोरी काढली आणि माझा राजीनामा एकेक खिळा करून आपापल्या खणात टाकून दिला. आवाज होऊ नये म्हणून खणांवर फडकं धरलं होतं.

संध्याकाळी घरी सगळं सांगितलं. दीडपट पगार, काचेची खोली, सगळं कसं हातचं घालवलं, तेही. बायको कणीक मळत होती. ती आता परात आपटणार, म्हणून मी जरा सरकून बसलो होतो. ती मळतच राहिली. गोळा उलटवून म्हणाली, "अन् रविवारी?"

"रविवारी काय?"

"रविवारी छापखाना बंद राहते ना. मंग कुठं झोपतात ते?"

याचा मी विचारच केला नव्हता.

"बोलवा त्यायले जेवाले," ती म्हणाली. "जेवण झालं का बाहेरच्या खोलीत दोन बाजा टाकून देतो मी. बाकीचं काम तुम्हाले येतेच."