नदीकाठी गेलेलं घड्याळ

ऐन निघायच्या वेळी मुलीने अंग काढून घेतलं. ऑफिसात काम निघालंय, तुम्ही दोघंच जाऊन या, असं म्हणत तिने तंबू, स्टोव्ह, वडील आणि नवरा हे सगळं सामान गाडीत भरलं आणि हात हलवला. काम वगैरे काही नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी सासरे-जावयांचं बोलणं "बरं आहे ना?" आणि "हो, बरंय" याच्यापुढे सरकत नव्हतं, हे तिला बघवत नव्हतं. सासरे घड्याळजी, उभा जन्म डोळ्याला भिंग लावून मान खाली घालण्यात गेलेला. जावई वायरमन, त्याचा दिवस शिडीवर जायचा. दोघांची गाठ पडायची तरी कुठे?

नदीकाठच्या त्या उद्यानात त्यांनी मुकाट्याने तंबू ठोकला, मुकाट्याने टेकडी चढले, उतरले आणि जेवले. जेवणानंतर सासऱ्यांच्या कवळीखाली शेंगदाण्याचा तुकडा अडकला. आपल्याला कवळी आहे हे त्यांनी जावयाला कधी कळू दिलं नव्हतं, म्हणून ते झाडाआड जाऊन नदीत ती विसळू लागले. पाण्याला ओढ होती. कवळी हातातून सुळकन निसटली आणि दिसेनाशी झाली.

ते ओठ घट्ट मिटून परत आले. जावयाने चहा टाकू का विचारलं, त्यांनी मान डोलावली. धबधब्यापर्यंत जाऊ या का विचारलं, त्यांनी खांदे उडवले. त्याने बाजूला जाऊन बायकोला फोन लावला. बाबा रुसलेत म्हटल्यावर तिने सांगितलं, मक्याचं कणीस भाजून दे, कणसासाठी ते जीव टाकतात. त्याने निखाऱ्यावर छान खरपूस कणीस भाजलं, तिखटमीठ लावून पुढे केलं. सासऱ्यांनी त्याच्याकडे डबडबलेल्या डोळ्यांनी पाहिलं आणि हळूच ताटलीत ठेवून दिलं.

मग मात्र जावयाला राहवलं नाही. तो समोर दगडावर बसला.

"बाबा, काय चुकलं ते मला कळत नाहीये. मी लहान असतानाच माझे वडील गेले. वडिलांशी काय बोलतात, कसं बोलतात, मला खरंच ठाऊक नाही. तुमच्यासमोर आलो की जीभ उचलतच नाही. पण तुम्ही रागावू नका."

आता गप्प बसणं पाप होतं. सासऱ्यांनी तोंड उघडलं.

"हाफ गेवे."

"हात गेले?" जावयाने त्यांचे दोन्ही हात धरून पाहिले. जागेवर होते.

सासऱ्यांनी तोंडाकडे बोट दाखवलं, मग नदीकडे. जावयाने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण आधी सासरेच हसले. नुसत्या हिरड्यांनी, पोट धरून.

दोघं पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरले. तेवढ्यात काठावर उद्यानाचा पहारेकरी आला. काय हरवलं, असं त्याने विचारलं. म्हाताऱ्याची अब्रू राखायला जावई म्हणाला, "घड्याळ."

पहारेकरी मोठा भला माणूस. त्याने शिट्टी फुंकली, सहलीला आलेली दोन कुटुंबं गोळा केली आणि सगळ्यांना पाण्यात उतरवलं. आजोबांचं जुनं घड्याळ आहे म्हटल्यावर मंडळी मन लावून दगड उलटू लागली. सासऱ्यांना इतकं अवघडल्यासारखं झालं की तेही इमानदारीत घड्याळच शोधू लागले.

थोड्या वेळाने पहारेकऱ्याने काठीच्या टोकावर काहीतरी उचललं.

"शी! कुणाची तरी कवळी. लोक काय वाट्टेल ते टाकतात नदीत," असं म्हणून, जावई तोंड उघडायच्या आत, त्याने ती मधल्या डोहात भिरकावून दिली. सासऱ्यांनी त्याला हात जोडले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

परतताना गाडीत सासरे बोलायला लागले ते थांबेचनात. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. दुकानातली गिऱ्हाइकं, मुलीचं लहानपण, बायको गेल्यावर मोठं वाटू लागलेलं घर, सगळं त्या बोळक्या तोंडातून निघत राहिलं. जावई आधी अंदाजाने हुंकार देत होता. मग त्याला शब्द लागू लागले.

दारात मुलीने घाबरून विचारलं, काय झालं. वडिलांनी हातवारे करत लांबलचक काहीतरी सांगितलं. तिला एक अक्षरही कळलं नाही. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"बाबा म्हणतायत," जावई बूट काढत म्हणाला, "पुढच्या वेळीही तू येऊ नकोस."