बारवेचे कंडक्टर

बारवेतून वर येताना कुणी दोन पायऱ्या एकदम चढलं, की रंगनाथअण्णा त्याला पुन्हा तळापर्यंत पाठवत. पाहणीला आलेले सरकारी साहेबही यातून सुटले नाहीत. "थांबा वगळला साहेब. परत जावा," अण्णा म्हणाले. साहेब गेले. मी तिथेच होतो.

अण्णा एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीनंतर ते देवळाली प्रवराजवळच्या आमच्या गावच्या बारवेवर रुजू झाले. नेमणूक अर्थातच कुणी केली नव्हती. ही बारव म्हणजे पायऱ्यांची जुनी दगडी विहीर. पायऱ्या काटकोनात वळून पाण्यापर्यंत जातात. अण्णा रोज सकाळी एकटेच उतरत, दहा मिनिटं थांबत आणि वर येत. गाव म्हणे, अण्णा चेकिंगला गेलेत. आत चपला बंद, थुंकणं बंद. बघायला आलेल्यांना "पुढं सरका, पुढं सरका" आणि शेवटचा माणूस वर आला की हवेतली दोरी दोनदा ओढून "टिंग टिंग".

एका वर्षी बारव बुजवून उसाच्या ट्रॅक्टरना जागा करायचं घाटत होतं. ग्रामसभेत विरोधाला अण्णा एकटे उभे राहिले.

"अण्णा, तिचं पानी आता भरतंय कोन?"

"प्रवासी न्हाईत म्हनून रस्ता उखडतो का आपन?"

त्यानंतर अण्णांनी कित्येक वर्षं अर्ज केले. अखेर बारव संरक्षित स्मारक झाली. गावानं अण्णांना फेटा बांधला. काही दिवसांतच बारवेच्या तोंडाशी जाळीचं दार आलं, कुलूप आलं आणि पाटी आली : परवानगीशिवाय प्रवेश नाही.

राखणदार सलीमभाई गावचाच. तो म्हणाला, "अण्णा, तुमाला कोन अडवतंय? या की."

"पास हाय का माज्याकडं?"

"तुमच्यामुळंच तर पाटी लागली!"

"मंग मीच विनातिकीट जाऊ व्हय?"

सलीमभाईनं परवानगीचा फॉर्म आणून दिला. अण्णांनी तो सुवाच्य अक्षरात भरला. 'प्रवेशाचे कारण' हा रकाना मात्र रिकामा राहिला आणि फॉर्म खिशातच. ते रोज दाराबाहेर उभे राहू लागले. तिथून वळणापर्यंतच्या पायऱ्या दिसतात, पाणी दिसत नाही.

गेल्या महिन्यात बातमीसाठी मला आत जायची परवानगी मिळाली. सलीमभाई कुलूप काढत असताना अण्णा जवळ आले.

"वळनाच्या पुढं डाव्या हाताला एका पायरीत वाटीगत खळगा पडलाय, घागरी टेकवून टेकवून. पानी तिथवर हाय का, तेवढं बघा."

मी पाहून आलो, एकही पायरी न वगळता. "एक पायरी खाली आहे," असं सांगितलं.

अण्णांचा हात जाळीवर होता.

"म्हंजे आमच्या मंडळीला आनखी एक पायरी उतरावं लागलं असतं," ते म्हणाले. "गुडघे लई दुखायचे तिचे."