जाड पत्रिकांची शालन

माझ्या बायकोनं, शालननं, आणि मी मिळून शेवटचं काम केलं ते मंजण्णाच्या छोट्या ट्रॅक्टरला जादा हायड्रॉलिक पंप बसवायचं. त्या वेळी तिच्या हातात कुणाच्या तरी पोरीची लग्नपत्रिका होती. गणपतीला ऑइल लागू नये म्हणून तिनं ती उलटी धरली होती.

हसू नका. पाइपला केसाएवढी चीर असली तरी ऑइल सुईसारखं सुटतं. दिसत नाही, पण कातडीत घुसतं. मग बोट कापायची पाळी. म्हणून चालू पाइपावर हात न फिरवता पुठ्ठा फिरवायचा. बेंगळूरजवळ आनेकलच्या आमच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये पुठ्ठा म्हणजे लग्नपत्रिका. आमंत्रण आलं की शालन नाव नंतर वाचायची, आधी कागद चिमटीत धरायची. पातळ निघाला तर म्हणायची, "ह्या लग्नाला तुम्ही एकटेच जावा."

इंजिन सुरू झालं की ती ओरडायची, "हात खिशात!" आयुधपूजेच्या भटजींनाही ओरडली. धोतराला खिसा कुठला? बिचाऱ्यांनी हात काखेत घालून मंत्र म्हटले.

पूर्वी पत्रिका मी धरायचो. दोन वर्षांमागं तिनं ती हिसकावून घेतली. म्हातारपणी हिला मुकादमकी सुचली, असं मी समजलो.

मंजण्णाची गुलाबाची शेती. ट्रॅक्टरच्या मूळ पंपावर खताची बकेट उठता उठत नव्हती, म्हणून मागच्या शाफ्टवर दुसरा पंप घातला. चालू केल्यावर बकेट झटक्यात वर गेली. मी खूश. तेवढ्यात शालननं इंजिन बंद केलं. पत्रिकेवर ऑइलची काळी रेघ उठली होती.

"पाइप बदला. आणि मी नसताना चालू करायचं नाही."

"तू काय इंजिनेर?"

"तुम्ही तरी कुठं हाय?"

तिसऱ्या दिवशी तिच्या छातीत कळ आली. दवाखान्यापर्यंतही पोचली नाही.

तेरावं झाल्यावर मंजण्णा आला. मी नवा पाइप जोडून ठेवला होता. इंजिन सुरू केलं. बकेट अर्ध्यावर जाऊन थरथरायला लागली. अजून कुठंतरी गळत होतं. पत्रिका शोधत कोण बसणार? मी वाकलो, जोडाकडं हात नेला.

"बेडा अज्जा, बेडा!" नको नको म्हणत मंजण्णानं माझं मनगट धरलं आणि दुसऱ्या हातानं इंजिन बंद केलं.

"सोड! माझी शेड हाय."

"अक्कानं शपथ घातलीय मला."

"कसली शपथ?"

तो खाली बघायला लागला. "तुम्हाला दिसत नाही म्हणाल्या. म्हणून पत्रिका मीच धरते, म्हणाल्या. मी नसले तर तू बघ, आणि त्यांना कळू देऊ नको, म्हणाल्या. मनाला लावून घेतील."

"कोण म्हणतो दिसत नाही?"

"सरी, बरं, मग सांगा. ऑइल कुठं गळतंय?"

मी बघितलं. बराच वेळ बघितलं. मला सगळं लोखंड कोरडंच दिसलं. मंजण्णानं तळहात जोडाखाली धरला आणि माझ्यापुढं केला. वास आला तेव्हा कळलं, तो ऑइलनं भरलाय.

दोन वर्षं मी तिला मुकादम म्हणून शिव्या घातल्या. एकदाही तिनं खरं कारण सांगितलं नाही. आणि शालन गप्प बसणारी बाई नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेड उघडली नाही. पहिल्या बसनं बेंगळूरला डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईनं भिंतीवरच्या अक्षरांच्या पाटीकडं बोट केलं, काय दिसतं म्हणून विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो.