सोहनसेठची कात्री

आमच्या शेजारच्या सोहनसेठच्या हातात कात्री दिसली की मी माझी बॅग लपवतो. शहाद्यात त्यांचं कापडाचं दुकान आहे, त्यामुळे कात्री हातात असायचीच. पण पंचावन्न ओलांडल्यावर या गृहस्थांना डोंगरात लांब पल्ल्याचं धावायचं वेड लागलं आणि ती कात्री कापड सोडून भलतीकडेच चालू लागली. दात घासायच्या ब्रशची दांडी कापली. बनियनची लेबलं कापली. टोपीचं बटण उडवलं. एकदा तर माझ्या नव्याकोऱ्या बॅगेचे लोंबणारे पट्टे, मी चहा पिईपर्यंत, साफ!

"अहो सेठ, हे काय?"

"हलकं ठेव, भो! सकाळे तोळा लागस, दुपारले तोच किलो व्हई जास."

दुसरा मंत्र चालीचा. मी जरा वेग घेतला की मागून आवाज, "सातपुडा कोठे पळी ऱ्हायना का?" आणि तिसरा, अगदी दम देऊन, "आपली पिशवी, आपली चाल. कोणाकरता थांबानं नही!"

मोलगीच्या डोंगरातल्या साठ किलोमीटरच्या शर्यतीत आम्ही दोघांनी नाव घातलं, तेव्हा मी यातलं काही म्हणता काही ऐकलं नाही. बूट एक नंबर मोठे घे म्हणाले, मी मापाचेच घेतले. पहिल्याच चढावर तरुण पोरांच्या नादाने सुसाट सुटलो. सेठ मागे, दुकान उघडायला निघाल्यासारखे निवांत.

शर्यतीची मुदत रात्री आठपर्यंत होती. सेठची मात्र सूर्यास्तापर्यंत. चौविहार पाळणारा जैन माणूस. सूर्य मावळला की अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही, ते थेट दुसऱ्या सकाळी. दिवसभर उन्हात पळून रात्र कोरडी काढायची म्हणजे काय चेष्टा आहे? म्हणून उजेडातच पोहोचायचं आणि पोटभर पाणी प्यायचं, असं त्यांनी पक्कं ठरवलेलं.

शेवटच्या उतारावर मी संपलो. घट्ट बुटात नखं काळी पडलेली, पोटरीत गोळे, बाटली केव्हाच रिकामी. दगडावर बसकण मारली. सूर्य समोरच्या डोंगराला टेकायला आला होता. तेवढ्यात मागून सेठ आले, त्याच सकाळच्या चालीने.

"सेठ, तुम्ही पुढे व्हा. सूर्य बघा!"

त्यांनी सूर्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. हे थांबतील याची मला भीती वाटली, आणि जातील याची त्याहून जास्त.

खिशातून छोटी कात्री निघाली. "बूट काढ." माझ्या महागड्या बुटांची टोकं त्यांनी कचाकचा कापली. मग त्यांच्या बाटलीत तळाशी उरलेलं पाणी माझ्या तोंडाला लावलं.

"अहो, तुम्ही प्या! आता सूर्य..."

"पी चूपचाप."

तहान मोठी नालायक. प्यालो मी.

सूर्य गेला. माझा हात स्वतःच्या खांद्यावर घेऊन सेठ माझ्या चालीने चालू लागले.

"कुणासाठी थांबायचं नाही ना?" मी रडकुंडीला येऊन विचारलं.

त्यांनी माझा हात खांद्यावर जरा वर ओढून घेतला. मग म्हणाले, "एकला पोचीसन काय करू, भो? घर जाईसन कोणले सांगू?"

सेठाणी वारलेल्या, मुलं सुरतेला. हे धावण्याचं वेड सेठाणी गेल्यानंतरच लागलं होतं, हे माझ्या ध्यानात तेव्हा कुठे आलं. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहतो आम्ही.

पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. कुणीतरी लिंबूपाण्याचा ग्लास पुढे केला. सेठनी हात जोडले आणि ग्लास माझ्याकडे सरकवला.

रात्रीच आम्ही शहाद्याला परतलो. दुसऱ्या सकाळी त्यांची पाण्याची वेळ होण्याआधीच मी गाळून उकळलेल्या पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्या दारात हजर. वेळ झाली तसा सेठनी तांब्या हातात तोलला.

"केवढा जड! हलकं ठेव ना, भो."

एका दमात रिकामा केला. मग मला खाटेवर बसवलं आणि अख्खी शर्यत पहिल्या पावलापासून सांगायला लागले, जसा काही मी तिथे नव्हतोच.

"अरे बापरे," मी म्हणालो. "मग काय झालं, सेठ?"