ठोकबाबूंचा डबा

ठोकबाबूंच्या दारात रिकामा डबा घेऊन गेलं, की ते आधी डब्याची विचारपूस करत, मग माणसाची. डबा कानाशी धरायचा, बोटाच्या पेराने टकटक वाजवायचा, डोळे मिटून ऐकायचं आणि मगच म्हणायचं, "पास. या, बसा."

खरं नाव नानाजी ठोंबरे. आमच्या फॅक्टरी क्वार्टर्समधले शेजारी. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात एकटा जीव. कारखान्यात तोफगोळ्यांची रिकामी कवचं वाजवून तपासायचं त्यांचं काम. चीर गेलेलं कवच आवाजावरून ओळखत. तीच खोड घरी. आमच्या लग्नातला तांब्यासुद्धा त्यांनी चहा यायच्या आत वाजवून पाहिला होता. टरबूज घ्यायला घमापूरच्या बाजारात निघालेल्या बायका त्यांना बळेच सोबत नेत.

बाग मात्र बघत राहावी अशी. तुपाच्या, तेलाच्या जुन्या डब्यांतून शेवंती, मोगरा, दोडका, वाल. रोप कुणीही मागावं, फुकट मिळे. अट एकच. "रोप जमिनीत लावा अन् डबा वापस आणा. डबा आणा, बी न्या." डबा पास झाला की कागदाच्या पुडीत पुढच्या हंगामाचं बी. गंजून भोक पडलेलं असलं तर "रिजेक्ट, भाभीजी." मी किती गयावया केली, तरी एकदा भेंडीचं बी दिलं नाही ते नाहीच. आणि डबा परत आला नाही, तर रविवारी सायकल काढून स्वारी दारात हजर. "माहा डबा कुठी आहे?" अशी वसुली ते थेट शहराच्या दुसऱ्या टोकाला, गढ्यापर्यंत करून येत.

मला चौकशा फार. एकदा विचारलंच, "नानाजी, एका जुन्या डब्यासाठी एवढं काहून करता?"

"फॅक्टरीत दिवसभर माल पास करून राहिलो मी," ते माती चाळत म्हणाले. "त्यातलं काहीच वापस येत नाही. येऊच नये. घरून गेलेलं तरी वापस यावं का नाही?"

मी हसण्यावारी नेलं.

लढाईच्या जरा आधी शंकर नावाचा जवान बायकोसाठी मोगऱ्याचं रोप घेऊन गेला. आमच्या अमरावतीकडचा पोरगा, सदरला छावणीजवळ राहायचा. "डबा मी आणून देतो, नानाजी," म्हणाला आणि आघाडीवर गेला. मग आमच्या खिडक्यांना काळे कागद लागले, कारखान्यात ओव्हरटाइम सुरू झाला. नानाजी दमून येत, तरी सगळ्यांमागे डब्यांचा तगादा चालूच. शंकरच्या डब्याचं मात्र नाव काढत नसत. गढ्याला जाणारा माणूस सदरला का जाईना, याचं मला मोठं नवल वाटे.

एका दुपारी शंकरची बायको सुमन स्वतःच डबा घेऊन आली. मी तिथेच होते.

"मोगरा लागला, नानाजी," ती म्हणाली. "यांची काही खबर नाही. तुमचा डबा अडकून राहू नये म्हणून आणला."

नानाजींनी डब्याला हातही लावला नाही. "माहा कायदा आहे, बाई. ज्यानं नेला त्यानंच आणायचा. घेऊन जाय वापस."

असा कायदा कधीच नव्हता. माझे निम्मे डबे आमची मोलकरीण देऊन येई. सुमन डबा पदराखाली धरून निघाली, आणि आली होती त्यापेक्षा जरा ताठ चालत गेली. नानाजी मग एकच डबा कितीतरी वेळ खुरपत बसले. त्या दिवशी मला त्यांची फार माया आली.

लढाई संपली, खिडक्यांचे कागद निघाले. उन्हाळा लागता लागता शंकर दारात उभा राहिला. एक हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हातात डबा. सुमनने तो मोगऱ्याशेजारीच ठेवला असावा. रोजच्या पाण्याने बूड सडून एवढं भोक पडलं होतं, की त्यातून पलीकडची नानाजींची चप्पल दिसत होती.

नानाजींनी डबा कानाशी धरला. टकटक केलं. इतका बद्द वाजला, की मलाही कळलं. ते डोळे मिटून ऐकत राहिले, आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं.

"पास," ते म्हणाले. "बस, बाबू. बी कशाचं देऊ?"